बिनगरीचे सोवनी काका

आमचे सोवनी काका मासे गरवायला जायचे आणि त्यांच्या दोरीला गरी नसायची.

तुम्ही समुद्राकाठचे नसाल तर सांगते. गरी म्हणजे गळ, माशाच्या तोंडात अडकतो तो लोखंडी आकडा. बाकी काकांकडे काही कमी नव्हतं. नऊ फुटी लवचिक काठी, फिकट हिरवी दोरी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार, सतरा खिशांचं जाकीट, गळ्यात लटकवलेली कात्री, टोपीला अडकवलेलं भिंग. एवढा थाट करून मनुष्य कमरेएवढ्या गार पाण्यात तास-दीड तास उभा राहणार, आणि ज्या एका वस्तूमुळे मासा हाती लागतो तीच काढून टाकणार. चुकून राहिली म्हणावं तर तसंही नाही. घरी टेबलाशी बसून, चष्मा लावून, पकडीने कट्कन कापून.

मी देवगडची. आमच्याकडे गरवायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर जेवताना त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. त्यामुळे पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आलं नाही, रागच आला. मी म्हटलं, "काका, हे म्हणजे पान वाढून घ्यायचं आणि हात मागे बांधून बसायचं."

"मंजिरी," पाण्यावरची नजर न काढता काका म्हणाले, "मुळात प्रश्न मासा धरण्याचा नाहीच."

"मग कशाचा आहे?"

"सांगतो. घाई कुणाला आहे?"

ही त्यांची दोन ठरलेली वाक्यं. तिसरं नव्हतंच म्हटलं तरी चालेल. डॉक्टर विद्याधर सोवनी आमच्या गावातल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करतात. वय साठीला टेकलेलं, आवाज मऊ. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाला ते म्हणतात, दहापासून उलटे आकडे म्हणा, घाई कुणाला आहे. सातपर्यंत पोचायच्या आत माणूस गार. नदीवरही तेच. काठी उचलायच्या आधी पुटपुटणार, दहा, नऊ, आठ. माशाला भूल देतायत असंच वाटायचं.

गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगराकडच्या अंगाला, ओव्हन्स नदीच्या काठी. मी ॲडलेडला मॉसन लेक्सला राहून शिकले, तिथेच माझा नवरा निनाद भेटला, पुढे कायम राहायची परवानगी, म्हणजे पीआर, मिळाली, आणि २०२० च्या जानेवारीत मला इथल्या फार्मसीत नोकरी लागली म्हणून आम्ही सामान भरून इकडे आलो. गावात मराठी घरं दोन. एक आमचं, दुसरं सोवन्यांचं.

पहिल्याच दिवशी वसुधाकाकू डबा घेऊन आल्या. आत ताज्या पोळ्या आणि फरसबीची भाजी. "तू कुठली गं?" त्यांनी विचारलं. देवगड म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग आमच्याकडे तुझी जेवायची पंचाईतच. हे मासे धरतात, पण तिथल्या तिथे सोडून देतात. घरात आणायची हिंमत नाही. माझ्या स्वयंपाकघरात मासा आला तर मी नदीवर राहायला जाईन, असं सांगून ठेवलंय."

मला ही बाई फार आवडली. नेमक्या सहा आठवड्यांत त्या सांगलीला गेल्या. त्यांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं, ऐंशी पार केलेल्या माणसाचं करतात ते. महिनाभराने परत येणार होत्या. जाताना मला तुळशीची कुंडी सांभाळायला दिली आणि म्हणाल्या, "यांच्याकडे दिली तर हे तिच्यावर किडे शोधत बसतील." त्या तिकडे असतानाच सगळ्या जगाची दारं लागली. ऑस्ट्रेलियाचंही लागलं. मार्च अखेरचं त्यांचं विमान रद्द झालं, मेमधलं झालं, ऑगस्टमधलंही झालं. तुळस माझ्याकडे चांगली मांडीएवढी वाढली.

काका रोज नदीवर जायला लागले.

आता या नदीवरच्या उद्योगाबद्दल थोडं सांगायला हवं. ओव्हन्समध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. अंगावर ठिपके, स्वभावाने संशयी. तो खातो किडे. हे किडे वर्षभर पाण्याखाली दगडांना चिकटून असतात आणि वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एखाद्या उबदार संध्याकाळी हजारोंनी वर येतात, पंख वाळवतात आणि उडतात. एक-दोन दिवस जगतात, बस. याला म्हणायचं हॅच. त्या तासाभरात सगळी नदी उकळल्यासारखी दिसते, कारण प्रत्येक मासा वर येऊन किडे मटकावत असतो. ट्राउट धरणारे लोक या एका संध्याकाळसाठी वर्षभर जगतात. तुम्ही हुबेहूब त्याच किड्यासारखा खोटा किडा बांधायचा, दोरीच्या टोकाला लावायचा आणि पाण्यावर असा अलगद ठेवायचा की माशाला शंका येता कामा नये. त्या खोट्या किड्याच्या पोटात गरी लपवलेली असते. म्हणजे इतरांच्या असते.

काका किडे स्वतः बांधायचे, आणि त्यासाठी लागणारा माल कुठून आणायचे ते विचारू नका. पंखांना ग्लेनच्या कोंबड्याची पिसं. ग्लेन म्हणजे त्यांचा शेजारी, गाई विकून निवृत्त झालेला शेतकरी. पोटाला काकूंच्या जुन्या तपकिरी स्वेटरची उसवलेली लोकर. आवळायला जानव्याचं सूत. "मुंजीत मिळालं, तेव्हापासून पडून होतं," ते म्हणाले, "आता कुठे त्याचा उपयोग झाला."

एकदा भर दुपारी फार्मसीत शिरले. मास्क, वर चष्मा, चष्म्यावर वाफ. रांगेत दीड मीटरच्या ठिपक्यावर शहाण्यासारखे उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "मंजिरी, औषध नको आहे. तुझ्या कार्डिगनचा रंग अगदी बरोबर आहे." खिशातून चिमटा काढला. मागे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या दोन म्हाताऱ्या. मी काउंटरवरून हात पुढे केला, काकांनी हात लांब करून बाहीवरचे सहा-सात धागे चिमट्याने उपटले, प्लास्टिकच्या डबीत ठेवले आणि गेले. मागची म्हातारी मला म्हणाली, "ही कोविडची नवी टेस्ट आहे का, डियर?"

सप्टेंबरात एकदा त्यांना पोलिसाने अडवलं. तेव्हा नियम दर पंधरवड्याला बदलायचे. त्या पंधरवड्यात व्यायामाला घराबाहेर पडता येत होतं, मासे धरायला नाही. हे मला ग्लेननेच सांगितलं, तो पुलावर व्यायाम म्हणून उभा होता. पोलीस तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "मेट, फिशिंगला परवानगी नाही."

काका म्हणाले, "मी फिशिंग करत नाहीये. हा खांद्याचा व्यायाम आहे."

"हातात रॉड आहे."

"आहे. टोक पाहा."

त्याने टोक पाहिलं. किडा उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाला, "याला हूकच नाही."

"करेक्ट."

पोलीस बराच वेळ त्या किड्याकडे आणि काकांकडे बघत राहिला. अशा वेळी काय लिहायचं ते त्याच्या पुस्तकात नसावं. शेवटी "नो वरीज, डॉक्टर, स्टे वॉर्म," म्हणून गाडीत बसला.

आता मला सांगा, माणूस असं का करेल? मी विचारलं तेव्हा म्हणाले, अहिंसा. निनादने विचारलं तर म्हणाले, खरी कला फसवण्यात आहे, मासा वर आला आणि त्याने किडा तोंडात धरला की आपण जिंकलो, पुढचं सगळं हमाली. ग्लेनला सांगितलं की मनगटाला संधिवात आहे, मासा ओढवत नाही. पोलिसाला व्यायाम. एका माणसाची चार कारणं, आणि चारही पटण्यासारखी. जो माणूस औषधाच्या दुकानात बसतो त्याला हे ओळखता यायला हवं. दुखतंय एकीकडे आणि सांगतो दुसरीकडे, असे रोज दहाजण येतात. पण मला आपला राग होता तो वाया जाणाऱ्या माशांचा. डोळ्यांसमोर किलो-किलोचे ट्राउट वर यायचे, किडा तोंडात घ्यायचे, थुंकायचे आणि निघून जायचे. मला मनात तिरफळ आणि कोकम दिसत असायचं.

"एक," मी म्हणायचे, "काका, एकच. तुम्ही बघूसुद्धा नका, मी साफ करते."

"मुळात प्रश्न..."

"तो नाहीच. माहीत आहे मला."

त्यावर ग्लेन एकदा माझ्या कानाशी येऊन, म्हणजे दीड मीटरवर, म्हणाला, "विद्या म्हणजे या नदीवरचा सगळ्यात चांगला हात. धरायचा, मापायचा, हळूच सोडायचा. मार्चपासून त्याचं काहीतरी बिनसलंय." तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी त्या दिवशी भरलेल्या पापलेटाच्या आठवणीत होते.

काकूंना मात्र काका रोज फोन करायचे. व्हिडिओवर, बहुतेक वेळा नदीवरूनच. "आज पाणी अकरा डिग्री आहे, वसुधा. तपकिरी किडे दिसले, चार." आणि फोन पाण्याकडे वळवायचे. सांगलीहून काकूंचा आवाज यायचा, "अहो, मला पाणी काय दाखवता, तोंड दाखवा तुमचं. दाढी केलीत का?" काका मग नाइलाजाने कॅमेरा स्वतःकडे वळवायचे, पण इतका जवळ की काकूंना नुसतं नाक दिसायचं.

असं करता करता एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात तिकडे दुसरी लाट आली आणि काकूंना ताप भरला. आई ठणठणीत, आजारी काकू. काका फार्मसीत आले. माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्याकडे ऑक्सिमीटर आहे का? बोटाला लावायचा."

मला कळेना. भूल देणारा डॉक्टर, हॉस्पिटलात याच्या हाताशी दहा-वीस असतील. मी म्हटलं, "आहे. कुणाला?"

"सांगलीत मिळत नाहीये. पोस्टाने गेला असता."

"काका, पोस्ट दीड महिना घेतंय सध्या."

"हो," ते म्हणाले, "ते माहीत आहे मला." आणि तसेच उभे राहिले. मागे रांग होती. मग त्यांनी मला सांगितलं की तिला पालथं झोपायला सांगितलंय, तिच्या भाच्याने कुठूनसा सिलिंडर मिळवलाय, तीन दिवस काढले तर ती यातून बाहेर पडेल. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, मध्ये एव्हाना काउंटरवर बसवलेलं प्लास्टिकचं पारदर्शक पान होतं. त्या पानाला मी आजही माफ केलेलं नाही.

तो पानगळीचा मोसम होता. नदीवर किडा नाही, मासा वर येत नाही. तरी काका रोज पाण्यात उभे. संध्याकाळी पुलावरून जाताना मी गाडी थांबवून बघायचे. काठी हातात, पण दोरी फेकलेलीच नसायची. जगभरच्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून ज्याने उभा जन्म काढला तो इथे पाण्यात उभा, आणि बायकोचा श्वास फोनवर. मी गाडीत बसून रडले, सांगायला लाज कसली. सातव्या दिवशी काकूंचा ताप उतरला.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, काकांच्या हॉस्पिटलात कोविडचे पेशंट यायला लागले आणि काका आठवडाभर तिथल्या क्वार्टर्समध्येच राहिले. जाताना मला घराची किल्ली दिली. म्हणाले, "संध्याकाळी देवापुढे दिवा लावशील? मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण वसुधाला फोनवर दाखवावा लागतो. नाहीतर ती चिडते."

काका मानत नाहीत हे खरंच होतं. आम्ही नव्या घराचा सत्यनारायण केला तेव्हा ते प्रसाद खायला वेळेवर आले होते आणि वर विचारत होते की साधुवाण्याच्या नावेचं वजन किती असावं.

तर मी गेले. घर झकास ठेवलेलं. देव्हारा छोटा, त्यात अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण. दिवा लावला, फोन लावला. आमच्याकडे साडेसहा म्हणजे सांगलीला दुपारचे दोन. काकू जेवून आडव्या होण्याच्या बेतात होत्या, बारीक झाल्या होत्या. म्हणाल्या, "छान दिसतोय गं दिवा. हे कुठे आहेत?" मी सांगितलं. त्या हसल्या. "अगं, गंमत सांगते. दुपारची झोपून उठले की अजून माझ्या तोंडातून हाक जाते, अहो, चहा टाकू का. रोज. दीड वर्ष झालं. आई विचारते, कुणाला गं बोलावतेस. यांना सांगितलं तर हे पाणी दाखवायला लागले."

मी म्हटलं, "काकू, देवांना कुंकू वाहते हं," आणि देव्हाऱ्यातला चांदीचा करंडा उघडला. आत बोट घातलं आणि हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब.

"काय गं झालं?" काकू.

"काही नाही काकू. झाकण घट्ट होतं."

करंड्यात कुंकू नव्हतं. गऱ्या होत्या. कापलेल्या गऱ्यांची टोकं, करंडा काठोकाठ भरून, बारीक, वाकडी, चकचकीत. किमान तीन-चारशे. आणि त्यांच्यावर एक अख्खा किडा, गरीसकट, लाल कापडाच्या तुकड्यात बांधलेला. देवाला नाणं बांधून ठेवतात ना, तसा. मला हे कापड ओळखता येतं. माझ्या आईने माझ्या व्हिसासाठी असंच एक नाणं बांधलं होतं.

काका परत आल्यावर मी किल्ली द्यायला गेले आणि बोट पुढे केलं. त्यावर अजून पट्टी होती. मी म्हटलं, "काका, नवस?"

एवढा लाजलेला साठ वर्षांचा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "ग्लेनला सांगू नकोस," म्हणाले. मग खुर्चीत बसले. काठी पुसायचं फडकं हातात होतं, तेच पिळत राहिले.

"वसुधाच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन खरं दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात होतं," ते म्हणाले. "तिथीच तेव्हाची होती. वसुधा म्हणाली, दोघं जाऊ, डिसेंबरात परत येऊ. आणि इथे हॅच तोंडावर. तीस वर्षांत झाला नसेल असा हॅच येणार होता त्या वर्षी, ग्लेनचा अंदाज होता. मी म्हटलं, कार्यक्रम फेब्रुवारीत करा, सांगलीत हवा चांगली असते. घाई कुणाला आहे." ते थांबले. "घाई तिला होती, मंजिरी. आईचं वय झालं होतं. तिने भावाला फोन करून सगळं पुढे ढकललं. माझ्यासाठी. फेब्रुवारीत मला रजा मिळाली नाही, ती एकटी गेली. नोव्हेंबरात गेलो असतो तर दोघंही नाताळात इथे असतो."

मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मार्चमध्ये तिचं विमान रद्द झालं त्या संध्याकाळी मी नदीवर होतो," काका म्हणाले. "मासा लागला होता, चांगला दीड किलोचा. तो सोडताना वाटलं, हा घरी चाललाय. आणि ज्यापायी ती तिकडे राहिली तेच मी अजून करतोय. म्हटलं, ती येईपर्यंत एकही मासा धरणार नाही. लोक आंबा सोडतात, चहा सोडतात. मी गरी सोडली."

"मग नदीवर जायचंच सोडायचं की."

"तसं म्हणालो होतो तिला. ती म्हणाली, तुम्ही नदीवर गेला नाहीत की तुमचं प्रेशर वाढतं, रोज जायचं आणि मला दाखवायचं. आता हिचं पण ऐकायचं आणि त्याचं पण पाळायचं, म्हणजे..." त्यांनी हाताने कात्री केली.

"त्याचं म्हणजे कुणाचं? कुठल्या देवाला बोललात?"

काकांनी चष्मा काढला. "नाव घेतलं नाही. मानत नाही ना मी. मनात एवढंच म्हटलं, टू हूम इट मे कन्सर्न."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना, दोन्ही एकदम. काकाही हसले. मग मी पायरीवर चपला घालत असताना म्हणाले, "ती आली की कापडातला तो किडा सोडवणार आहे. आणि पहिला मासा तुझा. खायला."

"तुम्ही मारणार? काकू घरात घेतील?"

"तुझ्या घरी. आणि मारणार नाही. भूल देईन."

ऑक्टोबर संपता संपता दारं उघडायची बातमी आली. नोव्हेंबरात काकूंचं विमान ठरलं आणि या वेळी रद्द झालं नाही. काका पहाटे निघून तीन तास गाडी हाकत मेलबर्नला विमानतळावर गेले आणि अकराच्या सुमाराला दोघं घरी पोचले. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी करून ठेवली होती. काकू गाडीतून उतरल्या, मी दारात आणून ठेवलेली तुळस बघितली, मला जवळ घेतलं. दोन घास खाल्ले आणि आत जाऊन झोपल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी, दुपारी साडेचारला, ग्लेनचा मला फोन. काका फोन उचलत नव्हते. "विद्याला सांग," तो म्हणाला, "हॅच सुरू झालाय. मी चाळीस वर्षांत असा बघितला नाही. पाणी दिसत नाहीये किड्यांनी. अर्धा तास, फार तर तास."

मी दुकान सोबतच्या मुलीवर टाकलं आणि सुटले. खोटं कशाला बोलू, वाटेत घरी थांबून फ्रीजरमधलं वाटण बाहेर काढून ठेवलं. आठवडाभर आधी वाटलं होतं. ओलं खोबरं, लाल मिरची, तिरफळं मी ॲडलेडहून मागवली होती.

काका व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. काठी भिंतीला टेकलेली. तिला तो कापडातला किडा लावलेला होता, गरीसकट. म्हणजे नवस त्यांनी फेडायला काढला होता. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"काका, ग्लेनचा फोन होता," मी हळूच म्हटलं. "सुरू झालाय. चाळीस वर्षांत झाला नाही असा."

"माहीत आहे," ते म्हणाले. जाळीच्या दारावर एक किडा येऊन बसला होता, पंख उभे धरून, नुकताच वाळलेला. काकांनी तो पाहिला. वीस महिने ज्याची नक्कल करत बसले तो खराखुरा समोर बसला होता, वीतभर अंतरावर.

"जा की मग. मी बसते इथे काकूंपाशी. तासाभरात याल परत."

"नको."

"अहो काका, वर्षाने येतो हा."

"तिला झोपून उठल्यावर हाक मारायची सवय आहे," काका म्हणाले. खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. चहाचं आधण मोजून ठेवलेलं, आलं ठेचून बशीत, दोन कप. "उठेल आणि मारेल. मी इथे असायला हवं."

"मग मासा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "तुला कबूल केलाय, मिळेल. घाई कुणाला आहे?"

मी पायरीवर बसले. मला जाता आलं असतं, पण गेले नाही. नदीकडून ग्लेनचा हॉर्न दोनदा वाजला. काका हलले नाहीत. ऊन उतरत गेलं, दारावर एकाचे सात-आठ किडे झाले, एक काकांच्या बाहीवर येऊन बसला, त्यांनी त्याला बसू दिलं. साडेपाच झाले, मग पावणेसहा. नदीवरचं सगळं एव्हाना संपलं असणार.

मग आतून झोपेने जड झालेला आवाज आला. "अहो..."

काका उठले तेव्हा खुर्ची मागे पडली आणि काठी तिच्यावर पडली. त्यांनी काहीच उचललं नाही. "आहे," ते म्हणाले, "आहे गं, इथेच आहे," आणि जाळीचं दार लोटून आत गेले.

मी काठी उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि घरी येऊन वाटण परत फ्रीजरमध्ये टाकलं.